अपर सर्क्युलर रोडवरून घेतलेली हरकत

सियालदह स्थानकातून बाहेर पडून, कोले मार्केटकडे धावणाऱ्या भाजीच्या पाट्या आणि उड्डाणपुलाखालचा अखंड कोलाहल मागे टाकून, जो रस्ता उत्तरेस राजाबाजारच्या दिशेने जातो त्याला आज आचार्य प्रफुल्लचंद्र रस्ता म्हणतात. परंतु स्वातंत्र्याच्या आगेमागे कलकत्त्याचा विद्वत्समाज त्यास अपर सर्क्युलर रोड याच नावाने ओळखी, आणि त्या रस्त्यावरील 92 क्रमांक म्हणजे विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय, एवढी खूण पत्रे पोहोचण्यास पुरेशी असे. शेजारीच जगदीशचंद्र बोसांनी 1917 साली स्थापन केलेले विज्ञानमंदिर आहे. या दोन आवारांच्या भिंतींना लागून आज फेरीवाल्यांची दुकाने आणि दुरुस्तीस आलेल्या गाड्या दाटीने उभ्या असतात, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की भारतातील अणुकेंद्रीय विज्ञानाचा एक स्वतंत्र प्रवाह, जो मुंबईच्या प्रवाहास कधीच पुरता मिळाला नाही, तो येथून निघाला होता.

11 जानेवारी 1950 रोजी विज्ञान महाविद्यालयाच्या याच आवारात मेघनाद साहांच्या अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेचे उद्घाटन इरेन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते झाले. सियालदहच्या फलाटांवर त्या काळी पूर्व बंगालमधून परागंदा झालेली कुटुंबे बोचकी आणि भांडी उशाशी घेऊन पडून असत. साहा स्वतः ढाक्याजवळच्या एका खेड्यातील किराणा दुकानदाराचे चिरंजीव, म्हणून निर्वासितांच्या साहाय्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते, आणि सायक्लोट्रॉनच्या जुळणीची खटपट व फलाटावरील माणसांच्या अन्नवस्त्राची विवंचना या दोन्ही गोष्टी त्यांच्या दिनक्रमात शेजारी शेजारी नांदत होत्या. 1952 च्या लोकसभेत ते वायव्य कलकत्त्यातून निवडून गेले. ज्या हरकतीची ही कथा आहे ती त्यांनी याच रस्त्यावरील आपल्या कचेरीत बसून प्रथम घेतली आणि पुढे संसदेत जाऊन पुन्हा मांडली.

हरकत अशी. 1948 च्या एप्रिल महिन्यात पंडित नेहरूंनी संविधान सभेपुढे, ती कायदेमंडळ म्हणून काम करीत असताना, अणुशक्तीचे विधेयक मांडले आणि त्याच वर्षी 10 ऑगस्टला अणुऊर्जा आयोग अस्तित्वात आला. आयोगाचे सभासद तिघे: होमी भाभा, के. एस. कृष्णन आणि शांतिस्वरूप भटनागर. साहा त्यांत नव्हते. औद्योगिक पाया आणि शिक्षित मनुष्यबळ या दोहोंची तजवीज होण्याआधीच असा आयोग नेमणे अकाली आहे, असे त्यांचे मत होते. आणि जो कायदा झाला त्याने या विषयातील बहुतेक सर्व व्यवहार गुप्ततेच्या कुलपात टाकला, हा त्यांचा दुसरा आणि अधिक टिकाऊ आक्षेप होता. साहांच्या हरकतीत दुखावलेपणाचा अंश मुळीच नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मुंबईचे पारडे जड होत चालले होते, कलकत्त्याच्या वाट्यास निधी आणि मान दोन्ही कमी येत होते, आणि साहांचा स्वभाव असे अपमान गिळून बसण्याचा नव्हता. तथापि माणसाचा हेतू मिश्र असला म्हणून त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. 10 मे 1954 रोजी अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर लोकसभेत चर्चा झाली तेव्हा त्यांनी गुप्ततेचा हाच पडदा आक्षेपार्ह ठरविला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 3 ऑगस्ट रोजी, अणुऊर्जा खाते निर्माण झाले, ते थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत आणि त्याचे मुख्य दफ्तर दिल्लीऐवजी मुंबईत. 1956 च्या फेब्रुवारीत साहा दिल्लीत नियोजन मंडळाच्या कचेरीकडे जात असताना वाटेतच कोसळले व वारले. हरकत मात्र दप्तरी दाखल होऊन राहिली.

1948 च्या त्या चर्चेत एस. व्ही. कृष्णमूर्ती राव या सभासदांनी एक नेमका प्रश्न विचारला होता: ब्रिटनच्या कायद्यात गुप्तता संरक्षणविषयक कामापुरती मर्यादित आहे, मग आपल्या कायद्यात ती शांततामय संशोधनासही का लागू व्हावी? नेहरूंनी दिलेले उत्तर प्रामाणिक होते. या दोन उपयोगांची फारकत कशी करावी हे आपल्याला उमगत नाही, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली. अणुविज्ञानाच्या इतर शाखांत ही फारकत बऱ्याच अंशी करता येते. वैद्यकातील समस्थानिकांची किंवा वीजगृहाच्या झोतयंत्रांची कोणी बॉम्बशी गल्लत करीत नाही. परंतु एक कारखाना असा आहे की जेथे ती फारकत भिंतींच्या आत, नळ्यांच्या आत, प्रत्यक्ष द्रावणाच्या आतही होऊ शकत नाही. तो म्हणजे वापरलेल्या अणुइंधनावर पुनःप्रक्रिया करणारा कारखाना; आणि आपल्याकडील असे बहुतेक कारखाने महाराष्ट्राच्या भूमीवर आहेत.

अणुभट्टीतून काढलेले इंधन प्रथम काही काळ पाण्याखाली निवत ठेवतात. मग ते काँक्रीटच्या जाडजूड भिंतींआड, दूरनियंत्रित यंत्राने तुकडे करून, तापलेल्या नायट्रिक आम्लात विरघळवितात. त्या द्रावणातून ट्रायब्युटिल फॉस्फेट नावाच्या द्रावकाच्या साह्याने युरेनियम आणि प्लुटोनियम वेचून घेतात. आणि मागे उरतो तो सिझियम, स्ट्राँशियम आदी किरणोत्सारी द्रव्यांनी भरलेला आम्लयुक्त द्रव, जो पोलादी टाक्यांत सांभाळून पुढे काचेत गोठवावा लागतो. भट्टीत हे सारे विष धातूच्या नळीत मोहोरबंद असते. येथे ती मोहोर जाणूनबुजून फोडतात. म्हणून येथील धोक्यांची जात निराळी आहे. प्लुटोनियमचे द्रावण अयोग्य आकाराच्या भांड्यात प्रमाणाबाहेर साचले तर तेथल्या तेथे साखळी-विघटन पेटते. जपानमधील तोकाइमुरा येथे 30 सप्टेंबर 1999 रोजी असेच झाले. तो कारखाना पुनःप्रक्रियेचा नव्हता, इंधन घडविण्याचा होता, आणि द्रावण प्लुटोनियमचे नसून युरेनियमचे होते, परंतु चूक याच जातीची: घाईसाठी बादल्यांनी द्रावण ओतले गेले आणि दोन कामगार दगावले. द्रावक आणि आम्ल यांची नको त्या तपमानाला गाठ पडली तर स्फोट होतो. सायबेरियातील तोम्स्क-7 येथे 1993 साली तसाच झाला. आणि टाकीतील टाकाऊ द्रवाचे शीतन बंद पडले तर काय होते ते उरल पर्वताजवळच्या मायाक येथे 29 सप्टेंबर 1957 रोजी दिसले. तेथे टाकी फुटली, शेकडो चौरस मैल मुलूख दूषित झाला, आणि सोव्हिएत राजवटीने त्याचा अधिकृत स्वीकार करण्यास 1989 उजाडले.

तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्ब्याचा, कारखाना होमी सेठनांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी उभारला. 1964 मध्ये तो चालू झाला आणि 22 जानेवारी 1965 रोजी लालबहादुर शास्त्रींनी त्याचे रीतसर उद्घाटन केले. ज्या काळी आपल्या देशात अनेक यंत्रे बाहेरून आणावी लागत, त्या काळी हे कार्य सिद्धीस नेणे ही सामान्य गोष्ट नव्हती, आणि जे टीकाकार हे मान्य करण्यास कचरतात ते आपल्याच म्हणण्याचे वजन घालवितात. 18 मे 1974 च्या पोखरण स्फोटाचे प्लुटोनियम येथूनच आले. त्याच दशकात तो कारखाना बंद झाला, आणि आतील नळ्या-टाक्यांचे किरणोत्सारी मालिन्य धुऊन काढून पुढे तो नव्याने बांधून काढण्यात आला, हेही तंत्रज्ञानाच्या दृष्टीने मोठेच काम होते. पुढे पालघर किनाऱ्यावर तारापूर येथे वर्षास शंभर टनांचा दुसरा, तमिळनाडूत कल्पाक्कम येथे तेवढाच तिसरा, आणि 7 जानेवारी 2011 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते तारापूरचाच आणखी एक कारखाना राष्ट्रास अर्पण झाला. हे चारही भाभा अणुसंशोधन केंद्राचे आहेत.

आता देखरेखीचा प्रश्न. पुनःप्रक्रियेच्या कारखान्यावर देखरेख ठेवणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी इंग्लंडमधील सेलाफील्डचे एक प्रकरण जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. तेथील थॉर्प नावाच्या कारखान्यात, ज्या कोठडीत मनुष्यास पाऊल टाकणे कायमचे अशक्य आहे अशा एका काँक्रीटच्या कोठडीत, टांगलेल्या टाकीला जोडलेली एक नळी वारंवारच्या हालचालीने शिणून तडकली, आणि विरघळलेल्या इंधनाचा द्रव थेंबाथेंबाने कोठडीच्या पोलादी तळावर साचू लागला. खालच्या खळग्यातील मापकांनी वेळोवेळी काही इशारे दिले होते; परंतु हा कारखाना गळत नाही अशी कामगारांपासून व्यवस्थापकांपर्यंत सर्वांची श्रद्धा असल्यामुळे ते मापकांचे दोष समजले गेले. हिशेबात द्रव्य कमी भरू लागले तेव्हा कोठे 2005 च्या एप्रिलमध्ये आत कॅमेरा सोडण्यात आला, आणि तळावर 83 घनमीटर द्रव दिसला. त्यात सुमारे वीस टन युरेनियम आणि दीडशे किलोच्या वर प्लुटोनियम होते. गळती सुमारे आठ महिने चालू होती. कोणास इजा झाली नाही, बाहेर काही सांडले नाही, कारण त्या पोलादी तळाची योजनाच मुळी अशा प्रसंगासाठी होती.

या प्रकरणातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट गळती नव्हे; नळी कोठेही तडकू शकते. कंपनीच्या चौकशीचा अहवाल काही आठवड्यांत प्रसिद्ध झाला, नियामकाने कारखाना बंद ठेवला, कंपनीवर फौजदारी खटला गुदरला, आणि 2006 च्या ऑक्टोबरमध्ये कार्लाइलच्या न्यायालयाने तिला पाच लाख पौंडांचा दंड ठोठावला. त्यानंतर नियामकाने स्वतःचाही अहवाल छापला. सेलाफील्ड हे काही हिरा-माणकांचे आगर नाही. याच जागेवर ब्रिटनच्या बॉम्बचे प्लुटोनियम वेगळे केले गेले. तरीही तडकलेल्या नळीचे वर्णन आज कोणासही वाचावयास मिळते, आणि त्यामुळे ब्रिटनच्या संरक्षणास काही धक्का पोहोचल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडे 1983 च्या 15 नोव्हेंबरला अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्यापूर्वी खात्यांतर्गत एक सुरक्षा समिती होती. नवे मंडळ 1962 च्या अणुऊर्जा कायद्याखालील एका सरकारी आदेशाने निर्माण झालेले, म्हणजे कायद्याने नव्हे तर हुकमाने जन्मलेले, आणि ते जबाबदार कोणास, तर अणुऊर्जा आयोगास. आयोगाचे अध्यक्ष कोण, तर ज्यांचे कारखाने तपासावयाचे त्या खात्याचे सचिव. रचनेतील हा दोष उघड होता. तरी त्या चौकटीत राहूनही मंडळाने काम केले, हे त्याच्या पदरात टाकले पाहिजे. 1993 ते 1996 या काळात डॉ. ए. गोपालकृष्णन अध्यक्ष असताना मंडळाने खात्याच्या सर्व आस्थापनांचा आढावा घेऊन 1995 मध्ये सुरक्षिततेचे सुमारे 130 मुद्दे नोंदविणारा एक अहवाल सिद्ध केला. तो प्रसिद्ध करावा म्हणून पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. तेथे याचिका फेटाळली गेली, आणि 6 जानेवारी 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही 1962 च्या कायद्याचे अठरावे कलम, जे माहिती रोखून ठेवण्याचा अधिकार सरकारास देत असे, ते वैध ठरविले. न्यायालयाचा निर्णय शिरसावंद्य. परंतु ज्यात अण्वस्त्रांची कृती नसून पाइप, झडपा आणि मापके यांच्या उणिवा नोंदविल्या होत्या, असा दस्तऐवज नागरिकांपासून लपवून कोणत्या शत्रूची निराशा झाली, हे अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील तीच निर्णायक आहे. 1998 च्या मे महिन्यात पोखरणला पुन्हा स्फोट झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, 2000 सालच्या जूनमध्ये, भाभा केंद्राच्या संचालकांच्या सहीने एक अंतर्गत आदेश निघाला: केंद्र आणि त्याच्या आस्थापना यांवरील सुरक्षाविषयक देखरेख, जी आजवर नियामक मंडळामार्फत होत असे, ती यापुढे केंद्राच्याच संचालकांनी नेमलेल्या अंतर्गत समित्यांमार्फत होईल. संसदेत चर्चा नाही, राजपत्रात मसुदा नाही, हरकती मागविणे नाही. एका हुकमाने ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पाक्कम येथील भाभा केंद्राचे पुनःप्रक्रिया कारखाने बाहेरच्या तपासनीसाच्या नजरेतून निसटले. मंडळाचे मुख्य दफ्तर, नियामक भवन, मुंबईच्या अणुशक्तीनगरात आहे. ट्रॉम्ब्याचा कारखाना तेथून हाकेच्या अंतरावर. ज्या मंडळास कुंपणापलीकडे पाहण्याची मनाई आहे, त्याच मंडळाने कोलकात्यास पूर्व विभागासाठी प्रादेशिक नियामक केंद्र थाटले आहे, आणि सियालदहच्या गल्लीबोळांतील, नीलरतन सरकार रुग्णालयाच्या आसपास दाटीवाटीने वसलेल्या निदान-केंद्रांतील क्ष-किरण यंत्रे तपासण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे.

हा अधिकार क्षुल्लक नाही. जिन्याखालच्या खोलीत बसविलेल्या यंत्रालाही मंडळाचा परवाना लागतो. दाराला शिशाचा पत्रा असावा लागतो, दारावर तांबडा दिवा, आणि यंत्र चालविणाऱ्याच्या छातीवर किरणोत्साराची मात्रा टिपणारा बिल्ला. हा बिल्ला ठरावीक मुदतीने प्रयोगशाळेकडे जातो आणि वर्षाकाठी त्या माणसाच्या नावापुढे आकडा चढतो. नियमाप्रमाणे पाच वर्षांत शंभर मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात तिसाहून अधिक नाही. अंमलबजावणीचे म्हणाल तर, महालेखापरीक्षकांनी 2012 च्या ऑगस्टमध्ये संसदेस सादर केलेल्या अहवालात देशातील 57,443 वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी 52,173, म्हणजे शेकडा 91, मंडळाच्या नोंदणीबाहेरच चालू असल्याचा निर्वाळा दिला होता. ही लाजिरवाणी स्थिती होती, आणि पुढे ती पुष्कळ सुधारली. सुधारली का, तर आकडा छापला गेला म्हणून. लोकलेखा समितीने त्यावर साक्षी घेतल्या, 2013 च्या डिसेंबरात आपला अहवाल दिला, वर्तमानपत्रांनी झोड उठविली, आणि खात्यास हालचाल करावी लागली.

त्याच 2012 च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की नियमभंगाबद्दल तेव्हाच्या कायद्याप्रमाणे होऊ शकणारा कमाल दंड पाचशे रुपये होता. कार्लाइलचे पाच लाख पौंड वाचकांच्या स्मरणात असतीलच.

कल्पाक्कमच्या कारखान्यात 21 जानेवारी 2003 रोजी काय झाले ते आता सांगितले पाहिजे. तेथील टाकाऊ द्रवाच्या टाक्यांपाशी काही कामगारांना मंद किरणोत्सारी द्रवाचा नमुना आणण्यास सांगण्यात आले. हे नित्याचे काम. त्यांना ठाऊक नव्हते की एक झडप निकामी झाली आहे आणि तीव्र किरणोत्सारी द्रव त्या भागात शिरला आहे. कारखाना सुरू होऊन जेमतेम पाच वर्षे झालेली. परंतु त्या जागी किरणोत्सार दर्शविणारे मापक नव्हते, झडप बिघडल्याची वर्दी देणारे साधनही नव्हते. नमुना घेतला गेला, रसायनशाळेत पोहोचला, तेथे त्याची तपासणी सुरू झाली, आणि तेव्हा प्रथम कळले की बाटलीत भलतेच काही आहे. तोवर सहा माणसांनी 280 ते 420 मिलिसीव्हर्टपर्यंतची मात्रा अंगावर घेतली होती. पाच वर्षांचा जो शिधा शंभर, तो काही मिनिटांत तिपटी-चौपटीने भरला. सियालदहच्या जिन्याखालच्या खोलीत जो तांबडा दिवा सक्तीचा, तसा इशारा देणारे काहीही देशाच्या सर्वांत धोकादायक द्रवाच्या टाकीपाशी नसावे, ही गोष्ट कोणा कामगाराच्या हलगर्जीपणाने घडत नाही. ती तपासणीच्या अभावाने घडते.

पुढचे वर्तन अधिक बोलके आहे. कारखान्याच्या सुरक्षा समितीने काम थांबविण्याची शिफारस केली. वरिष्ठांनी ते चालू ठेवले. कर्मचारी संघटनेने संचालकांना दहा मागण्यांचे पत्र लिहिले, त्यात पूर्णवेळ सुरक्षा अधिकारी नेमावा ही एक होती. आणि त्या पत्रात आधीच्या दोन वर्षांतील आणखी दोन प्रसंगांचा उल्लेख होता. संप झाला, त्यानंतर बदल्या झाल्या. जानेवारीतील ही घटना लोकांना समजली ती जुलैमध्ये, तीही कर्मचाऱ्यांनी वार्ता वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचविली म्हणून. ऑगस्टमध्ये भाभा केंद्राचे तत्कालीन संचालक बी. भट्टाचार्जी यांनी पत्रकारांपुढे येऊन, किरणोत्साराच्या मात्रेच्या दृष्टीने भारताच्या अणुइतिहासातील हा सर्वांत वाईट अपघात असल्याचे मान्य केले. व्यवस्थापनाची कैफियत मात्र अशी की कामगारांनी अतिउत्साह दाखविला आणि त्यांचा अंदाज चुकला. ज्याच्याकडे कारखाना चालविण्याचे काम, त्याच्याचकडे चौकशीचे काम आणि त्याच्याचकडे चौकशीचा निष्कर्ष जाहीर करण्या-न करण्याचा अधिकार असला, म्हणजे दोष शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर येऊन थांबतो. हा मनुष्यस्वभाव आहे, आणि नियामक नावाची संस्था त्यावरच उतारा म्हणून निर्माण होते.

येथे प्रतिपक्षाची बाजू ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. पुनःप्रक्रियेचे खरे जाणकार देशात मोजके, आणि ते भाभा केंद्रातच आहेत. बाहेरचा तपासनीस आणावयाचा तर कोठून? शिवाय ट्रॉम्ब्याच्या प्लुटोनियमचे वजन शत्रूस कळू देणे कोणास परवडेल? पहिल्या मुद्द्यास उत्तर असे की कल्पाक्कम येथीलच इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने जलद-प्रजनक भट्टीच्या इंधनासाठी उभारलेला पुनःप्रक्रिया कारखाना, जो 2 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधानांनी राष्ट्रास अर्पण केला, तो नियामक मंडळाच्या देखरेखीखाली येतो. म्हणजे मंडळास हे काम जमते. एकाच किनाऱ्यावर, एकाच खात्याचे दोन कारखाने. एकाकडे बाहेरचा तपासनीस जातो, दुसऱ्याकडे नाही. आणि हा भेद धोक्याच्या तीव्रतेवरून केलेला नसून मालकीच्या पाटीवरून केलेला आहे. दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर 2006 सालीच सरकारने स्वतः दिले. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारासाठी जी विभाजन योजना संसदेपुढे ठेवली, तीत 2010 नंतर तारापूरच्या पुनःप्रक्रिया कारखान्यात परकीय इंधन घातले जाईल तेव्हा आंतरराष्ट्रीय निरीक्षकांना हिशेब तपासू देण्याचे मान्य केले होते. व्हिएन्नाहून निरीक्षक म्हणून येणारा पाहुणा तारापूरचे प्लुटोनियम मोजू शकतो. अणुशक्तीनगरचा अधिकारी तारापूरची झडप तपासू शकत नाही. नेहरूंना 1948 साली जी फारकत सुचेना, ती परराष्ट्रनीतीची निकड पडताच आपल्या अधिकाऱ्यांनी कागदावर नीट करून दाखविली.

आंतरराष्ट्रीय बंधने या बाबतीत फारशी उपयोगी नाहीत. भारताने 2005 साली स्वीकारलेला अणुसुरक्षा करार वीजगृहांपुरताच आहे, आणि 2015 च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे जे मंडळ नियामक व्यवस्थेची पाहणी करून गेले त्याचा विषयही वीजगृहेच. त्यांनी नियामकाचे स्वातंत्र्य कायद्याने पक्के करावे असे सुचविले. तशा आशयाचे विधेयक 2011 च्या सप्टेंबरात लोकसभेत मांडले गेले होते. ते लोकसभेबरोबरच 2014 मध्ये संपुष्टात आले. अखेर 2025 च्या डिसेंबरात संसदेने ‘शांती’ या नावाने ओळखला जाणारा नवा अणुकायदा संमत केला. 1962 चा कायदा रद्द झाला, खाजगी कंपन्यांस वीजगृहांचे दार उघडले, आणि नियामक मंडळास बेचाळीस वर्षांनी वैधानिक दर्जा मिळाला. त्याबद्दल सरकारचे अभिनंदन केलेच पाहिजे. पुनःप्रक्रिया मात्र नव्या कायद्यानेही केंद्र सरकारसाठीच राखून ठेवली आहे, आणि माहिती निर्बंधित ठरविण्याचा अधिकारही सरकारनेच आपल्याकडे ठेवला आहे. वीजगृहे वाढली की वापरलेले इंधन वाढणार, ते तारापूर आणि कल्पाक्कमलाच येणार. तेव्हा ज्या कारखान्यांवर कामाचा भार सर्वाधिक वाढणार त्यांच्यावरची देखरेख सर्वांत दुबळी राहावी, हे कोणत्याही शहाण्या राज्यव्यवस्थेस शोभणारे नाही.

माझी मागणी मोठी नाही. 2000 सालचा तो आदेश मागे घेऊन भाभा केंद्राचे पुनःप्रक्रिया कारखाने वैधानिक मंडळाच्या तपासणीखाली आणावेत. ज्या खोल्यांत शस्त्रांचे काम चालते त्या खुशाल वगळाव्यात. प्रत्येक कारखान्यातील कामगारांना वर्षभरात मिळालेल्या मात्रांचा तक्ता, नावे गाळून, दरवर्षी संसदेच्या पटलावर यावा. ट्रॉम्बे दक्षिण-मध्य मुंबईच्या मतदारसंघात मोडते आणि तारापूर पालघरच्या. या दोन्ही ठिकाणच्या वाचकांनी आपल्या खासदारांना एक पोस्टकार्ड टाकून, तो आदेश अद्याप अमलात आहे काय आणि असल्यास का, एवढे दोनच प्रश्न लोकसभेत विचारण्यास सांगावे.